दुकानाच्या भाड्याला जामीन आहात आणि दुकान मुदतीआधी सोडायचंय? बोलणी कशी करायची

दुकान बसायला लागलं की ते आधी माल देणाऱ्याला कळतं, मग कामावरच्या पोरांना, मग जागामालकाला. जामीनदाराला कळतं सगळ्यात शेवटी, आणि तेही मालकाच्या फोनवरून. तोवर दोन-तीन महिन्यांचं भाडं थकलेलं असतं. बेळगावातल्या एका सोसायटीच्या कर्जविभागात मी निवृत्तीपर्यंत काम केलं. जामीनदार कसा कात्रीत सापडतो ते टेबलाच्या अलीकडून पाहिलं. पुढे भाच्याने खानापूर रोडला फर्निचरचं शोरूम टाकलं, त्याच्या भाडेकराराला मी जामीन राहिले, आणि ते मुदतीआधी सोडायची वेळ आली तेव्हा मालकाशी बोलणीही मीच केली. टिळकवाडी-शहापूरपासून निपाणी-खानापूरपर्यंत घरोघरी कुणी ना कुणी मेव्हण्याच्या, पुतण्याच्या, मित्राच्या गाळ्याला जामीन असतं. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

गाळा रिकामा करणं हे एक काम आणि जामिनातून सुटणं हे दुसरं. पहिलं झालं की दुसरं आपोआप झालं असं समजून लोक घरी जातात, आणि वर्षभराने वकिलाची नोटीस येते. बोलणी सुरू करताना आपल्याला शेवटी कोणता कागद हातात हवाय हे पक्कं ठरवून निघा. तो कागद म्हणजे मालकाच्या सहीचं, तुमचं नाव घालून लिहिलेलं जामीनमुक्तीपत्र.

आधी करार वाचून घ्या

तुमच्याकडे करार नसेल, बहुतेक जामीनदारांकडे नसतोच, तर भाडेकरूकडून झेरॉक्स मागत बसू नका. नोंदणीकृत करार असेल तर सबरजिस्ट्रारकडून सर्टिफाईड कॉपी मिळते, नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. आपल्याकडे करार कन्नडमध्ये टाईप होतो, बोलणं मराठीत होतं, आणि सहीच्या वेळी ‘नेहमीचंच आहे, करा सही’ एवढंच ऐकू येतं. कन्नड बोलता येणं वेगळं आणि दस्तातलं कन्नड समजणं वेगळं. दस्त वाचणाऱ्या माणसाशेजारी बसा, एकेक कलम वाचून घ्या आणि समासात पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहा. वकिलाकडे जाल तेव्हा निम्मी चर्चा त्या समासावरच होईल.

जामीनदाराचं कलम मात्र शब्द न् शब्द वाचा. भाच्याच्या करारात ते शेवटून दुसऱ्या पानावर होतं. भाडं, वीजबिल, नुकसानभरपाई ‘किंवा इतर कोणतीही रक्कम’ भाडेकरूने न दिल्यास जामीनदार देईल, इथवर नेहमीचं. पुढे होतं, ‘जागेचा ताबा मालकास परत मिळेपर्यंत’. या चार-पाच शब्दांत तुमचं सगळं नशीब आहे. शटरला कुलूप लावून भाडेकरू गावाला गेला, किल्ली त्याच्या खिशात राहिली, तर जबाबदारी दर महिन्याला वाढत राहते. करार संपला तरी ती थांबत नाही. म्हणून किल्ली कुणी, कुणाला, कोणत्या तारखेला दिली याची लेखी पोच ही जामीनदाराला भाडेकरूपेक्षाही जास्त गरजेची.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणे करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडे मागा, त्याने नाही दिलं तर माझ्याकडे या’ हे आपण गल्लीत म्हणू शकतो, कोर्टात ते चालत नाही. मालक थेट तुमच्यावर येऊ शकतो. कलम 133 सांगतं की तुमच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरते तुम्ही सुटता. भाडं मध्येच वाढवलंय का, वरचा माळा नंतर जोडून दिलाय का, तुमच्या सहीशिवाय एखादं पुरवणीपत्र झालंय का, ते शोधा. पण याच करारात ‘अटी बदलल्या तरी जामीनदाराची हरकत नाही’ असं एखादं वाक्य दडलेलं असतं. ते असेल तर हा मुद्दा बराच लुळा पडतो, तेव्हा ते आधी बघा आणि मगच 133 चं नाव काढा.

कलम 130 बद्दल बरेच जण विचारतात. चालू जामीन पुढच्या व्यवहारांपुरता नोटीस देऊन मागे घेता येतो, असं ते कलम आहे. पण पाच वर्षांच्या ठरावीक भाडेपट्ट्याला एकदाच दिलेला जामीन हा एकच अखंड व्यवहार आहे, असं मालकाचा वकील म्हणणारच. नोटीस द्यायची असेल तर वकिलाला विचारून द्या, मात्र ती पाठवली म्हणून निर्धास्त झोपू नका. आणि मालक दोन महिने मागायला आला नाही म्हणून आपण सुटलो असंही समजू नका. नुसतं मागायचं थांबल्याने जामीनदार मोकळा होत नाही, कलम 137 तेच सांगतं.

मुदत, लॉक-इन (म्हणजे जेवढा काळ जागा सोडायचीच नाही असं ठरलेलं असतं तो), नोटीस आणि डिपॉझिट हे चार आकडे एका कागदावर वेगळे काढा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 107 प्रमाणे नोंदणीकृतच लागतो. तीन-पाच वर्षांचा करार नुसत्या स्टॅम्पपेपरवर केलेला असेल तर त्यातली मुदत धरून ठेवणं मालकाला अवघड जातं. असा व्यवहार साधारणपणे महिन्या-महिन्याचा धरला जातो आणि कलम 106 प्रमाणे 15 दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली अँथनी विरुद्ध के. सी. इट्टूप या खटल्यात नोंदणी नसलेल्या पाच वर्षांच्या पट्ट्याला महिन्याचीच भाडेकरी मानलं होतं. शिवाय कमी मुद्रांकाचा करार कोर्टात पुढे केला तर कर्नाटक मुद्रांक कायद्याखाली कमी पडलेल्या रकमेच्या दहापट दंडाची टांगती तलवार असते, त्यामुळे असा मालक कोर्टात जायला फारसा उत्सुक नसतो. तरी वापरलेल्या दिवसांचं भाडं देणं लागतंच, त्यातून कुणी सुटत नाही.

भाडे नियंत्रणाचा आधार मिळेल का, हेही लोक विचारतात. कर्नाटक भाडे कायदा, 1999 व्यापारी जागेला लागतो तो 14 चौरस मीटरपर्यंतच, म्हणजे साधारण दीडशे चौरस फूट. गणपत गल्लीतलं एखादं चिंचोळं दुकान त्यात बसेल, खानापूर रोडचं शोरूम बसणार नाही. तिथे करार आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा, एवढंच.

भाडेकरूला सोबत घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका

भाडेपट्टा सोडण्याचा हक्क भाडेकरूचा असतो, जामीनदाराचा नाही. तुम्ही कितीही पैसे घेऊन गेलात तरी त्याच्या सहीशिवाय जागा परत देता येत नाही. आणि नेमका हाच माणूस या काळात फोन उचलत नाही. त्याला तोंड दाखवायची लाज वाटते. त्याला झापू नका. मी भाच्याला म्हटलं, “हिशोब घेऊन ये, बाकी काही आणू नकोस.” तो म्हणाला, “आत्या, अजून तीन महिने बघू की, लग्नसराई आली की उठेल धंदा.” मग त्याच्यासमोरच कागद मांडला. लग्नसराईच्या चार महिन्यांत मागच्या वर्षी किती विक्री झाली, त्यातून माल, पगार, भाडं जाऊन काय उरलं. उत्तर त्याने स्वतःच काढलं. ते त्याच्या तोंडून येणं गरजेचं होतं, कारण मालकासमोर बसल्यावर त्याने ‘बघू, चालवतो’ असं म्हटलं असतं तर सगळी बोलणी तिथेच संपली असती.

त्याच्याकडून साधं अधिकारपत्र घ्या की माझ्या वतीने जागा सोडण्याची बोलणी माझी आत्या करेल, अंतिम कागदावर सही मी करेन. थकबाकी किती, हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल किती, मीटर कुणाच्या नावावर, कुणाला किती कोरे चेक दिलेत, हे त्याच दिवशी लिहून घ्या. चेकचं खास विचारा. जामीनदाराने दिलेला चेक न वटला तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138, म्हणजे चेक न वटल्याचा गुन्हा, लागू होऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगितलंय. तुमचा चेक मालकाकडे असेल तर बोलणी चालू असताना खात्यात काय शिल्लक ठेवताय याकडे लक्ष द्या. चेक परतल्यानंतरची नोटीस आली तर मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात, म्हणून तो लिफाफा बाजूला ठेवायचा नाही.

मालकाकडे काय घेऊन जायचं

जागामालक म्हणजे शत्रू, या समजुतीने गेलात तर काम बिघडतं. त्याला तीन गोष्टींची भीती असते. जागा रिकामी राहील, हा माणूस ताबा न देता अडकवून ठेवेल, आणि इतरांना कळलं की लॉक-इन मोडता येतं तर शेजारचा भाडेकरूही उठेल. या तिन्हींचं उत्तर तुमच्या हातात असेल तर भाव करता येतो.

भाच्याचं भाडं 38,000 रुपये होतं, जीएसटी वेगळा. लॉक-इन तीन वर्षांचं, त्यातले 14 महिने राहिलेले. डिपॉझिट तीन लाख. दोन महिन्यांचं भाडं थकलेलं. मालकाचा हिशोब सरळ होता: 14 महिन्यांचे 5,32,000, थकबाकीचे 76,000, त्यातून डिपॉझिट वजा, म्हणजे आम्ही वर तीन लाख आठ हजार आणून द्यायचे. त्याने तो आकडा डायरीत लिहूनच ठेवला होता.

“अक्का, लॉक-इन म्हणजे लॉक-इन. तुम्ही सोसायटीत होता, तुम्हाला मी काय सांगू?”

“बरोबर आहे सावकार. करार आमच्याकडून मोडतोय, तुमची काही चूक नाही. म्हणून रिकाम्या हाताने आलो नाही.”

आधी त्याचं बरोबर आहे हे मान्य करा. ते मनापासून म्हणा, कारण ते खरंच असतं. मग पुढची तीन वाक्यं लागोपाठ बोला: कोणत्या तारखेला किल्ली देणार, तुमच्या जागी कोण येऊ शकतं, आणि किती देणार. तारखेला आपल्याकडे मोल आहे. नवं दुकान दसरा, पाडवा, अक्षय तृतीया असा मुहूर्त बघून उघडतं. आम्ही दसऱ्याच्या सव्वा महिना आधीची तारीख दिली. त्या काळात गाळा शोधणारे फिरत असतात, रंगरंगोटीला वेळ मिळतो आणि मुहूर्तावर नवीन पाटी लागते. दिवाळीनंतर जागा रिकामी झाली असती तर मालकाला पाडव्यापर्यंत वाट बघावी लागली असती, हे त्याला मी सांगायच्या आधीच कळलं.

नवा भाडेकरू शोधणं हे जामीनदाराचं काम नाही, पण त्यासारखा दुसरा उपाय नाही. आम्ही स्थानिक पेपरात छोटी जाहिरात दिली, काँग्रेस रोड-आरपीडी क्रॉसच्या एजंटांना सांगितलं, आणि दोन माणसं मालकासमोर उभी केली. एक औषध दुकानवाला आणि एक मोबाईलवाला. पसंती मालकाची. त्याने औषधवाल्याला घेतलं. जामीनदाराने स्वतःच करार बदलून नव्या माणसाला जागा देऊन टाकायची नाही, पोटभाडेकरूचं कलम मोडलं तर नवीन भानगड उभी राहते.

आकड्याच्या बाबतीत कायद्याचा आधार आहे, तो सौम्य शब्दांत वापरा. करार मोडल्यावर ठरलेली रक्कम करारात लिहिलेली असली तरी करार कायद्याच्या कलम 74 खाली मिळते ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाई. नुकसान भरून काढायचा उपाय हाताशी होता का, हे कलम 73 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे बघितलं जातं. साध्या भाषेत, औषधवाला पुढच्या महिन्यापासून भाडं देणार असेल तर त्याच महिन्याचं भाडं आमच्याकडूनही पूर्ण मागणं टिकवणं अवघड. लॉक-इनचा दावा कोर्टात किती टिकेल हे त्या-त्या करारावर आणि पुराव्यावर ठरतं, त्यामुळे याला वाटाघाटीतली बाजू समजा, हुकमी पत्ता समजू नका. कोर्टाचं नावही धमकी म्हणून घेऊ नका. फक्त एवढं सांगता येतं की दावा तीन लाखांच्या वर गेला तर तो कमर्शियल कोर्टाचा विषय होतो, आणि तातडीचा दिलासा मागितला नसेल तर 2015 च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम 12 अ प्रमाणे आधी मध्यस्थी करावीच लागते. म्हणजे सगळा खर्च करून पुन्हा याच टेबलावर यायचं. ‘मग आजच बसूया की’ असं मी म्हटलं, आणि सावकारांनी चहा सांगितला.

शेवटी ठरलं ते असं. थकबाकीचे 76,000 पूर्ण. मुदतीआधी सोडल्याबद्दल तीन महिन्यांचं भाडं, 1,14,000. रंग आणि शटर दुरुस्तीचे 20,000. एकूण 2,10,000 डिपॉझिटमधून वळते, 90,000 परत. थकबाकीत एक पैसाही कमी मागितला नाही. तिथे घासाघीस केली की मालक बाकीच्या सगळ्यात हात आखडता घेतो. तीन महिन्यांच्या रकमेवर जीएसटी लागतो का, लागला तर कुणी भरायचा, हेही बोलून कागदात घातलं, कारण हा वाद नंतरच निघतो.

फोनवर काही कबूल करू नका. प्रस्ताव लेखी द्या, वर ‘हक्क अबाधित ठेवून, तडजोडीसाठी’ असं लिहा, आणि प्रस्ताव कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे तेही. पोचपावतीसह स्पीड पोस्टने एक प्रत पाठवा, मग खुशाल प्रत्यक्ष भेटा.

कागद आणि किल्ली

सही कुणाची लागते ते सीटीएस उताऱ्यावर, म्हणजे सिटी सर्व्हेच्या मालकीच्या नोंदीत, बघा. इथल्या जुन्या इमारती भावाभावांच्या सामाईक नावावर असतात आणि भाडं मात्र एकच जण गोळा करतो. त्या एकाच्या सहीने जामीन सुटला आणि दुसऱ्या भावाने नोटीस पाठवली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सगळ्यांच्या सह्या घ्या, किंवा एकाकडे कुलमुखत्यारपत्र आहे का ते प्रत्यक्ष वाचा.

मूळ करार नोंदणीकृत असेल तर सोडपत्रही (भाडेपट्टा सोडल्याचा दस्त) त्याच सबरजिस्ट्रारकडे नोंदवायचं. खर्च वाचवायला ‘नुसतं पत्र पुरे’ म्हणणारे भेटतील, ऐकू नका. त्यात भाडेकरूसाठी एक परिच्छेद आणि तुमच्यासाठी वेगळा परिच्छेद हवा. आमच्या कागदातलं वाक्य साधारण असं होतं: ‘जामीनदार यांची दिनांक अमुकच्या भाडेकरारातील जामिनाची संपूर्ण जबाबदारी आजपासून संपली असून, मागील वा पुढील कोणत्याही रकमेबाबत त्यांच्याविरुद्ध मालकांचा किंवा त्यांच्या वारसांचा कोणताही दावा राहिलेला नाही. जामीनदारांनी दिलेले चेक परत केले आहेत.’ शेवटी चेकचे नंबर. ‘मागील’ हा शब्द गाळू देऊ नका. पुढच्या भाड्यातून सोडायला मालक लगेच तयार होतो, जुनी वीज आणि मोडतोड मात्र राखून ठेवतो.

ताबा द्यायच्या दिवशी स्वतः जा. मीटरच्या रीडिंगचा फोटो, रिकाम्या गाळ्याचा व्हिडिओ, छत, संडास, शटर, वायरिंग सगळं. किल्ल्या किती दिल्या तो आकडा पोचपावतीत. डिपॉझिटचा परतीचा चेक आणि सोडपत्राच्या सह्या एकाच बैठकीत व्हाव्यात. ‘सही करून जा, पैसे सोमवारी’ हे गोड बोलून नाकारा. बोलणी फिसकटायला लागलीच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करता येतो. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो, त्यामुळे कुणी शब्द फिरवला तर अंमलबजावणी करता येते.

स्वतःच्या खिशातून भरायची वेळ आली तर रक्कम थेट मालकाच्या खात्यावर पाठवा, रोख नको, भाच्याच्या हातात तर नकोच. पावतीवर ‘जामीनदार या नात्याने मिळाले’ असं लिहून घ्या. करार कायद्याच्या कलम 145 प्रमाणे जामीनदाराने जे हक्काने देणं लागत होतं ते भरलं तर मूळ देणेकऱ्याकडून वसूल करता येतं. जे लागतच नव्हतं ते भीतीपोटी भरलं तर ते परत मागता येत नाही. म्हणून मालकाने दिलेला प्रत्येक आकडा कशाचा, ते विचारा. घरच्या माणसाशीही हप्ता ठरवून दोन ओळी लिहून ठेवा. नात्यात कागद नको असं म्हणणारे असतात, पण मी सोसायटीत पाहिलंय, नाती कागद नसल्यानेच जास्त तुटतात.

मग उरतात ती भाडेकरूची कामं, ती त्याच्याकडून त्याच आठवड्यात करून घ्या. महानगरपालिकेचं ट्रेड लायसन्स रद्द करणं, जीएसटी नोंदणीतून तो पत्ता काढणं, मीटर त्याच्या नावावर असेल तर हेस्कॉमकडची अनामत परत मागणं किंवा मीटर मालकाच्या नावावर करून देणं. थकीत भाड्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, तोवर सोडपत्र, पोचपावती आणि बँकेचा उतारा यांची एक प्रत तुमच्या घरात राहू द्या, भाच्याच्या घरात नव्हे.